अंतरपाटातले मोर

सुभेदार मामांनी भर मांडवात डोक्यावरचा फेटा सोडला नसता, तर माझ्या बहिणीचं लग्न अर्ध्यावर राहिलं असतं आणि मी आमच्या गावात, जतला, तोंड दाखवायच्या लायकीचा उरलो नसतो. त्यांचे उपकार आधी सांगून टाकतो. म्हणजे माझा गाढवपणा सांगायला जरा हलकं जाईल.

नव्वदचं दशक संपत आलेलं. नववीत शाळा सोडून मी घरापासून लांब, साताऱ्यात नानांच्या रेडियमच्या दुकानात कामाला होतो. नंबरप्लेटा, गाडीच्या काचेवरची नावं, 'आईचा आशीर्वाद', सगळं तिथं व्हायचं. नानांनी नुकतंच कापायचं मशीन आणलेलं. कॉम्प्युटरवर नक्षी काढायची, मशीनचं पातं ती रेडियमवर कापायचं. माझं काम एवढंच, की अक्षरांभोवतीचं फालतू रेडियम सुईनं उचलून टाकायचं. पण आईनं गावभर सांगितलेलं, "पोरगं साताऱ्याला कॉम्प्युटरवर हाय." (खोटं नव्हतं. त्याची धूळ मीच पुसायचो.)

अशात अक्काचं लग्न ठरलं. मुलगा खंडाळ्याकडचा, फौजी घरातला. त्याचे मामा सुभेदार होऊन निवृत्त झालेले, पण आवाज अजून नोकरीतच होता. मला धसका बसला. असल्या कडक माणसांपुढं आपली शोभा कशी राहायची? मी अक्काला गावातल्या एसटीडीवर बोलावून घेतलं आणि सांगितलं, की लग्नात नवरानवरीच्या मधी धरायचा अंतरपाट मी करून आणतो, मशीनवर कापलेल्या नक्षीचा.

"साधं धोतर धरलं तरी लगीन लागतंय," अक्का म्हणाली. "तू येळंवर ये म्हंजे झालं."

ऐकायला पाहिजे होतं.

माझं डोकं असं चाललं. रेडियमला दोन थर असतात. पातं वरचं रेडियम कापतं, खालच्या कागदाला धक्का लागत नाही. मग वर लाल साटीन आणि खाली पांढरं कापड चिकटवलं तर? नानांनी बजावलेलं, की मशीनमध्ये रेडियमशिवाय काहीही घालायचं नाही. नाना सासुरवाडीला गेले आणि मी घातलं.

पहिल्या खेपेला मशीननं साटीन आत ओढलं आणि विडा चघळून थुंकावा तसं बाहेर दिलं. मग मी दोन्ही कापडं खळीनं एकमेकांना चिकटवली आणि इस्त्री मारून पापडागत कडक केली. अंतरपाट भिंतीला टेकवला तर आपला आपण उभा राहायला लागला! आता पातं वरनंच घसरत होतं. म्हणून दाब जरा वाढवला. मग अजून जरा. मग देवाचं नाव घेऊन शेवटपर्यंत. भोवतीचं साटीन उचललं आणि समोरासमोर दोन मोर, मधी कलश, अशी नक्षी दिसली. मला माझंच कौतुक वाटून डोळ्यांत पाणी आलं.

पातं दोन्ही कापडांतनं पार गेलंय आणि मोर नुसते खळीच्या जोरावर जागेवर बसलेत, हे त्या पाण्यात दिसलं नाही.

लग्नात एका बाजूनं भटजींनी आणि दुसऱ्या बाजूनं सुभेदार मामांनी अंतरपाट धरला. पहिली मंगलाष्टका संपली, 'सावधान' झालं, अक्षता पडल्या आणि डावा मोर खाली आला. त्या भोकातनं दाजींची अर्धी मिशी दिसायला लागली. दुसऱ्या अक्षतांना उजवा मोर गेला. आता दाजींचा डोळा दिसत होता, आणि तो डोळा सरळ अक्काकडं बघत होता. अक्का बिचारी मान खाली घालून उभी होती. तेवढ्यात कलश तिच्या पायावर पडला, म्हणून तिनं मान वर केली. झाली नजरानजर! आणि ती चक्क हसली.

भटजींचा सूर मधीच तुटला. मुहूर्ताआधी तोंड बघितलं, आता कसं, अशी कुजबुज बायकांत सुरू झाली. कुणी म्हणालं थांबवा, कुणी म्हणालं दुसरा मुहूर्त काढा. आई खांबाला धरून खाली बसली. मी पळून जायला वाट बघत होतो, पण वाटेत वाजंत्री होते.

"कुणाचं काम हाय ह्ये?" मामांनी विचारलं. सगळा मांडव माझ्याकडं बघायला लागला.

मामांनी अंतरपाट माझ्या अंगावर फेकला. डोक्यावरचा फेटा सरसर सोडला, दुहेरी केला आणि एक टोक भटजींच्या हातात दिलं. "म्हणा पुढं. पोरीनं काय बघितलं न्हाई. आमी बघितलं न्हाई."

भटजींनी मुकाट्यानं सूर लावला. फेट्याखाली मामांचं डोकं घासलेल्या तांब्यासारखं चमकत होतं. मामी शेजारणीला म्हणाल्या, की लग्नापासनं मीसुद्धा आज पहिल्यांदाच बघतेय.

जेवणावेळी मामांनी मला बोलावलं. मी रडायच्या बेतात होतो.

"नक्षी चांगली कापलीस रं," ते म्हणाले. "फकस्त दुष्मन मेल्यावरबी गोळी मारत बसलास."

साताऱ्यात नानांना पात्यात लाल धागा सापडला, पण तो वेगळा अपमान आहे.

मामा, तुमचे उपकार एक दिवस फेडणार हा माझा शब्द. तुमच्या नातीचं लग्न ठरलं की कळवा. अंतरपाट मीच आणणार, कोरा, बिनमोराचा, हातानं शिवलेला. फक्त तुम्ही फेटा बांधून या. शिवणारा मीच आहे.