फावडं, नळ आणि तुळसम्मा

गुरुरावांबद्दल मला खरं म्हणजे फार थोडं माहीत आहे. त्यांच्या मुलीचं नाव स्पंदना, हे मला ते गेले त्या दिवशी कळलं. काही वर्षं आम्ही बरोबर चाललो, पण चालताना ते बोलायचे ते पुतळ्यांबद्दल, आणि मी बहुतेक गप्पच. इथल्या मराठी मंडळाच्या नव्या कॅलेंडरात त्यांनी काढलेले फोटो छापायचं ठरलं तेव्हा मंडळाचे मालोजीराव म्हणाले, "वादिराजराव, तुम्हीच त्यांच्याबरोबर असायचात. मागच्या पानावर थोडं लिहा." मी नको म्हणालो. दुसरं कोणी मिळालं नाही.

गुरुराव रंगाऱ्यांच्या घरातले. वडिलांपर्यंत घरात कापड रंगवायचं काम होतं. पुढे ते संपलं आणि हे कुठल्याशा कचेरीत लागले. कुठल्या, ते मी विचारलं नाही. निवृत्तीनंतर त्यांनी एकच काम धरलं होतं. म्हैसूरात कुठल्या पुतळ्याला कोणी सजवलं की पायी जाऊन त्याचा फोटो काढायचा. जयंती असो, कर्नाटकाचा राज्योत्सव असो. बसनं गेलं की गल्लीबोळातले लहान पुतळे चुकतात, म्हणून पायी. संध्याकाळपर्यंत त्यांचे पाय सुजायचे. कट्टा दिसला की म्हणायचे, "साकु हो, बसूया." पुरे म्हणायला त्यांना दुसरा शब्द सुचत नसे. मला तर ते म्हणायच्या आधीच बसावंसं वाटायचं.

त्यांचा एक नियम होता. लोकांनी जसं सजवलं तसंच टिपायचं. माळ घालणाऱ्यांची शिडी उभी राहिली असेल तर शिडीसकट. स्वतः मात्र पुतळ्याला एक फूलही वाहायचं नाही.

नजरबाद भागाच्या मागं एका लहान बागेत तुळसम्मांचा पुतळा आहे. सिमेंटचा, छातीपर्यंत, नाकाचा शेंडा उडालेला. या गुरुरावांच्या शाळेतल्या बाई. घरच्या रंगकामानं लहानपणी गुरुरावांचे हात कोपरापर्यंत निळे असत, आणि वर्गातली पोरं शेजारी बसत नसत. तुळसम्मांनी तो निळा हात आपल्या हातात धरून फळ्यावर अक्षरं गिरवून घेतली. "खडू निळा झाला बघा," एवढंच सांगून ते हसले होते. पुढं जुन्या विद्यार्थ्यांनी मिळून हा पुतळा बसवला. पण त्याला माळ घातलेली कोणी पाहिली नव्हती. आम्ही दर शिक्षकदिनाला जायचो आणि कॅमेरा न उघडता परत यायचो.

एकदा चालून चालून जीव गेला होता, तेव्हा मी म्हणालो, "मार्केटातून एक माळ आणू आणि घालू की."

"अय्यो, मी घातली तर त्यात काय आलं? मी तिचाच पोरगा. तिला न ओळखणाऱ्या कुणीतरी घालायला पाहिजे. जुन्यांतला मी एकटा उरलोय हो. माझ्यामागं ती नुसती सिमेंट."



गेल्या दसऱ्यात, आयुधपूजेच्या म्हणजे खंडेनवमीच्या दिवशी, ते सकाळीच माझ्या दारात उभे. श्रावणापासून त्यांना धाप लागत होती. मी म्हणालो, आज रस्ते बंद आहेत, गर्दी आहे, नको. "आज सगळं गाव दिसेल त्याला माळ घालतंय, राव. बघून तर येऊ." मग निघालो. बसगाड्यांना केळीचे खुंट बांधलेले, दुकानांपुढं कुंकू भरून फोडलेले कोहळे, त्यावरून पाय घसरत होते. गुरुराव माझा दंड धरून चालले होते आणि मी त्यांचा. कोण कुणाला सावरत होतं, सांगता येत नाही.

बागेच्या फाटकात ते थांबले. आत माळी मंजू सुकी पानं गोळा करत होता. भिंतीला फावडं, कुदळ, हातगाडी ओळीनं टेकवून त्यांना कुंकू लावलं होतं. नळाला शेवंतीची माळ. आणि नळाशेजारी तुळसम्मांच्या गळ्यात तशीच माळ, कपाळाला तसाच कुंकवाचा मोठा ठिपका.

गुरुरावांनी त्याला कानडीत विचारलं, "ही कोण, माहीत आहे का तुला?"

"नाही स्वामी. खाली नाव होतं, ते पुसलं. पण बाग माझ्याकडं म्हणजे ही पण माझ्याकडंच. नळाला घालायची आणि हिला नाही, असं कसं?"

गुरुरावांनी कॅमेरा उघडला. माझ्या खांद्यावर कोपर टेकून त्यांनी फोटो काढला. नळ आला, फावडं आलं, मंजूचा डबाही आला. कॅलेंडरात डिसेंबरच्या पानावर तो आहे. थोडा हलला आहे.

बाहेर आल्यावर मी बोलून गेलो, "पण त्यानं फावड्याला घातली तशीच घातली हो."

"मग? फावड्याशिवाय त्याचं चालतं काय?"

परत येताना आम्ही वाटेतल्या प्रत्येक कट्ट्यावर बसलो. ते पुन्हा पुन्हा कॅमेरा उघडून बघत होते, मला काही दाखवत नव्हते. त्यांच्या गल्लीच्या तोंडाशी बसथांबा होता. माझ्यात घरापर्यंत चालायचं बळ उरलं नव्हतं, म्हणून मी तिथंच उभा राहिलो. पुढच्या आठवड्यात ते झोपेतच गेले, म्हणजे आमची भेट हीच शेवटची.

"पाय गरम पाण्यात ठेवा," मी म्हणालो.

"नळाला पाणी आलं तर ठेवतो. तुम्ही चढा हो, ती बघा तुमची बस."