अराबानं लपवलेली खानावळ

अराबा एसिल्फी घानातल्या सेकंडी शहरात विजेची मीटरं वाचायची. एकोणतीस वर्षं तिनं तेच केलं. काखेत वही, डोक्यावर सरकारी टोपी आणि अंगानं अशी काटकुळी की कुणालाही वाटावं, बाईला घरी कुणी जेवायला घालत नाही. कुणाच्या घरी किती वीज जळते हे ती वहीत लिहून मोकळी व्हायची, पण कुणाच्या मागच्या दारी काय शिजतंय हे मात्र जन्मभर लक्षात ठेवायची. नवऱ्यानं तिला सोडलं ते या गुणापायीच. सासूच्या शेंगदाण्याच्या रश्शाबद्दल ती भर पंगतीत म्हणाली होती, "आंघोळीच्या पाण्यात शेंगदाणे पडलेत, पण चुकून." नवरा म्हणाला, आईची माफी माग. अराबा म्हणाली, आधी तू दोन घास गिळून दाखव. माणूस तसा सरळ होता. त्यानं गिळले, बॅग भरली आणि दूर टेमा शहरात निघून गेला.

गावात मात्र तिचा मोठा दरारा होता. बारसं असो, मयताच्या आठव्या दिवसाचा विधी असो, फुटबॉलचा संघ जिंकलेला असो, माणसं जमायची म्हटली की कुणीतरी म्हणायचंच, "सिस्टर अराबाला विचारा." मग अराबा डोळे मिटायची आणि सांगायची. भात हवा असेल तर कोजोक्रोमच्या पुलाखालची. ती बाई नवऱ्याशी भांडून आली की तिखट दुप्पट घालते, तेव्हा आधी भांडण झालंय का ते बघून घ्या. आंबवलेल्या मक्याच्या उकडलेल्या गोळ्यांचं केंके हवं असेल तर बंदराच्या मागचं, पण सकाळी नवाच्या आत. पाटी नुकती रंगवलेली दिसली तर आत पाऊल टाकू नका, सगळा पैसा रंगात गेलाय. रात्रपाळी संपवून आलेल्या नर्सा जिथे बसल्यात आणि एकही बोलत नाहीये, तिथे डोळे झाकून बसा. शहरातले तीन पाद्री, एक वकील आणि एक दातांचा डॉक्टर तिला विचारल्याशिवाय पाहुण्यांना घेऊन कुठेही जात नसत.

एवढी सांगणारी बाई, पण एक जागा तिनं कुणालाही सांगितली नव्हती.

अकरा वर्षांपूर्वी ती केतान भागात लाकडाच्या वखारीमागे मीटर वाचायला गेली होती. एका घराचा आकडा इतका कमी होता की तिला वाटलं, इथे नक्की तार जोडून चोरी चाललीय. पकडायच्या इराद्यानं ती दारातून आत घुसली. आत चोरी नव्हती. एक दिवा होता, लाकडाची चूल होती आणि चुलीपुढे एक जाडजूड बाई पामफळांचा लालभडक रस्सा ढवळत बसली होती. रश्शात धुरी दिलेला मासा, दोन खेकडे आणि गोगलगाई उकळत होत्या. बाजूला बाईचा भाचा कोबिना घाम गाळत उकडलेल्या कंदांचा फुफू कांडत होता.

"मीटर बाहेर आहे," बाई म्हणाली.

"बघितलं मी," अराबा म्हणाली आणि बाकावर बसली.

ती बाई म्हणजे आंटी मान्सा. त्या दिवशी अराबानं फुफूचा गोळा संपवला, दुसरा मागितला आणि बोटं चाटून झाल्यावर भिंतीकडे बघत बराच वेळ नुसती बसून राहिली. दुपारची दोनशे मीटरं तिनं त्या दिवशी अंदाजानं लिहिली.

त्यानंतर प्रत्येक शुक्रवारी ती तिथे जेवायची. ऑफिसात कुणी विचारलं, आज बोटांना काय भारी वास येतोय, तर म्हणायची, "हॉस्पिटलच्या कँटीनचा." हॉस्पिटलच्या कँटीनमध्ये त्यामुळे काही बिचाऱ्यांनी जाऊन पाहिलं, आणि त्यातल्या एकाला तिथेच भरती व्हावं लागलं, असं म्हणतात. तिचं म्हणणं सोपं होतं. सांगितलं की गर्दी येणार. गर्दी आली की खेकड्याचा मोठा नांगा दुसऱ्याच्या ताटात जाणार.

मान्साकडे गिऱ्हाईक असायचं पाच-सहा. वखारीतले कामगार, एक म्हातारा शिंपी, आणि अराबा. मधूनमधून मान्सा विचारायची, "सिस्टर, तू एवढं गाव फिरतेस. माझ्याकडे कुणी का येत नाही गं? मीठ जास्त होतंय का?"

"मीठ बेताचं आहे."

"मग?"

"दिवसच वाईट आहेत. लोक घरीच जेवतात हल्ली," अराबा खेकड्याचा पाय चोखत म्हणायची. एकदा तर ती म्हणाली, "आणि गर्दी हवीय कशाला तुला? नर्सा आल्या की तिखट कमी कर म्हणतील." मान्साला ते पटल्यासारखं वाटलं. संध्याकाळी उरलेला रस्सा कोबिनाच्या डुकरांना जायचा. ती डुकरं केतानमध्ये सर्वांत तुकतुकीत होती.

मग अराबाच्या शाळेच्या बॅचला चाळीस वर्षं झाली. मुलींची शाळा, तेव्हा चाळीसेक आज्या एकाच छापाचं निळंपांढरं कापड शिवून चर्चमध्ये जमल्या. बॅचच्या अध्यक्ष होत्या मिसेस ब्रू. शाळेतही त्याच वर्गप्रमुख होत्या आणि तेव्हापासून त्या कुणाशी खाली उतरून बोललेल्या नव्हत्या. जेवण त्यांनी समुद्राकाठच्या एका हॉटेलात ठरवलं होतं. काट्या-चमच्यांचं, पाच प्रकारच्या सॅलडचं. सकाळी दहाला हॉटेलातून फोन आला, की हॉल चुकून एका लग्नालाही दिला गेलाय, आणि नवरी आधी पोचलीय.

मिसेस ब्रूंचा चेहरा पाहण्यासारखा झाला. "अराबा, तूच काय ते सांग. खाण्यातलं तुलाच कळतं."

अराबानं डोळे मिटले. पुलाखालची बाई मयताला गेलेली. बंदरामागचं केंके एव्हाना संपलेलं. तिसरीकडे वीसच्या वर माणसं बसत नाहीत. ती एकेक सांगत गेली आणि एकेक खोडत गेली.

मिसेस ब्रू सुस्कारल्या. "म्हणजे शेवटी आपल्या अराबाला रस्त्यावरचं केंकेच तेवढं माहीत. जाऊ दे. बिस्किटं मागवू."

बिस्किटं! अराबाच्या कानशिलाची शीर उडाली. अकरा वर्षं सांभाळलेलं तोंड एका क्षणात सुटलं. "बसमध्ये बसा," ती म्हणाली. "पण कुणी वाटेत काही खायचं नाही."

वखारीमागे चाळीस बायका एका रंगात उतरताना पाहून मान्सा ओगराळं घेऊनच बाहेर आली. "मी आधीच चर्चला जाते," ती ओरडली. "नवा धर्म नकोय मला!"

"जेवायला आल्यात," अराबा खाली बघत म्हणाली.

"किती?"

"सगळ्या."

मान्सानं एकदा त्यांच्याकडे, एकदा चुलीकडे पाहिलं. शनिवारचं मोठं पातेलं भरलेलं होतं. शनिवारी ती नेहमीच जास्त करायची, न जाणो, एखादा दिवस उजाडेल म्हणून. कोबिनानं उखळ पुढे ओढलं, दोन कामगारांना मदतीला हाक मारली, आणि कांडायचा जो धडधडाट सुरू झाला तो दीड तास थांबला नाही. बाकं पुरेनात म्हणून बायका लाकडाच्या ओंडक्यांवर बसल्या. मिसेस ब्रूंनी आधी चमचा मागितला. मान्सा म्हणाली, "हात धुतलेत ना? मग तेच." पहिल्या घासानंतर मिसेस ब्रूंनी अंगठ्या काढून पर्समध्ये टाकल्या. चौथ्या घासाला घाम गळायला लागला तेव्हा त्यांनी केसांचा टोप उपटला आणि तो शेजारणीच्या मांडीवर ठेवला. चाळीस बायका, आणि एकीचा आवाज नाही. अराबा सगळ्यांत शेवटी वाढून घ्यायला गेली आणि तिला कळलं की सगळं सुरळीत पार पडतंय. तिला जरा धीर आला.

तेवढ्यात मिसेस ब्रूंनी ताट पुसून विचारलं, "आंटी, तुम्ही इथे केव्हापासून आहात?"

"चौदा वर्षं झाली."

"चौदा! आणि आम्हाला पत्ता नाही?" त्या वळल्या. "अराबा, तुला कधी सापडली ही जागा?"

अराबा तोंड उघडायच्या आत मान्साच कौतुकानं म्हणाली, "सिस्टर अराबा? ती अकरा वर्षं येतेय. एक शुक्रवार चुकवला नाही."

ओंडक्यांवर खळबळ उडाली. एक जण म्हणाली, "अगं, माझ्या बापाच्या मयताला तू त्या खडीसारख्या भाताकडे पाठवलंस!" दुसरी म्हणाली, "माझ्या नातवाच्या बारशाला तीनदा विचारलं होतं मी. तीनदा!" तिसरी हसत सुटली ती थांबेनाच. "सगळं गाव हिला विचारून जेवतं, आणि ही इथे एकटीच ओरपते!"

सगळ्याच हसायला लागल्या. मान्सा मात्र हसत नव्हती. "सगळं गाव हिला विचारतं?" तिनं हळूच विचारलं.

"पाद्रीसुद्धा!" मिसेस ब्रू म्हणाल्या.

मान्सानं अराबाच्या ताटलीत रस्सा वाढला. नुसता रस्सा. मग पाठ फिरवून ती पातेलं घासायला बसली.

पुढच्या शुक्रवारी वखारीच्या गल्लीत गाड्या लागलेल्या होत्या. मिसेस ब्रूंनी सगळ्या शहराला फोन केले होते. दोन पाद्री समोरासमोर बसून एकमेकांना ओळख न दाखवता जेवत होते. अराबा नेहमीच्या बाकाकडे निघाली.

"रांग तिकडे," मान्सा म्हणाली.

"मान्सा, ऐक तरी."

"तूच ऐक. मला वाटत होतं माझ्या हातालाच चव नाही. पाद्रीकडे गेले. तो म्हणाला, कुणाचा तरी शाप आहे, तीन आठवडे उपास कर. स्वतः उपाशी राहून मी दुसऱ्यांसाठी रांधत होते, अराबा! रश्शाची चव बघायचीसुद्धा सोय नव्हती. शाप कसला आलाय. शाप दर शुक्रवारी येऊन दोन वाट्या संपवत होता, वर म्हणत होता, दिवस वाईट आहेत."

जेवणाऱ्यांतला एक पाद्री घाईघाईनं पाणी प्यायला. खेकड्याच्या नांग्यासाठी मी तुझी अकरा वर्षं खाल्ली, हे अराबा काय सांगणार? ती न जेवता परत गेली.

पाच महिने ती दुसरीकडे जेवली. सगळीकडे तिला पुठ्ठा चावल्यासारखं वाटलं. लोक विचारायला यायचे, तर ती म्हणायची, "वखारीमागे जा," आणि दार लावून घ्यायची. एव्हाना ती निवृत्त झाली होती. दिवस जाता जाईना. शेवटी एका शुक्रवारी ती गेली आणि मुकाट रांगेत उभी राहिली. मान्सानं वाढलं, पण बघितलं नाही. माशाचा शेपटीकडचा तुकडा दिला. पुढच्या शुक्रवारीही शेपटी. त्याच्या पुढच्याही. अराबा खाऊन, पैसे देऊन, पाय ओढत घरी जायची.

सातव्या की आठव्या शुक्रवारी तिनं पहिला घास गिळला आणि बोटं तशीच ताटात ठेवली. आजूबाजूला सगळे वाहवा करत होते. अराबा उठली, रांग मोडून सरळ चुलीपाशी गेली.

"रस्सा पातळ झालाय," ती म्हणाली.

मान्साच्या हातातलं ओगराळं वर गेलं. "चालती हो इथून!"

"जाते. पण फळं कमी घालतेस आणि पाणी जास्त. आधी बोटाला रंग तीन दिवस राहायचा. आता रुमालाला पुसला की गेला."

"माझ्याकडे साठ माणसं येतात! एक जण तरी बोललं का?"

"ते काय बोलतील? त्यांनी आधीचा कधी खाल्लाय?"

मान्सानं कोबिनाला खूण केली. कोबिनानं अराबाला दंडाला धरून, तसं प्रेमानंच, गल्लीच्या तोंडापर्यंत पोचवलं. अराबा दगडावर बसून राहिली. तिला रडू येत होतं आणि स्वतःचा रागही येत होता, की पाच महिन्यांनी जेमतेम शेपटी मिळायला लागली तर तीही घालवली. अर्ध्या तासानं कोबिना परत आला.

"आंटीनं स्वतः चाखून बघितला," तो म्हणाला. "मग पातेल्याला लाथ मारली. पाय सुजलाय. तुम्हाला निरोप आहे, बोलायचं असेल तर विकायच्या आधी येऊन बोला, विकून झाल्यावर अक्कल शिकवू नका. उद्या पहाटे पाचला."

पहाटे पाचला अराबा हजर होती. मान्सा लंगडत चुलीभोवती फिरत होती. कुणी कुणाला काही विचारलं नाही. मान्सानं ओगराळं पुढे केलं. अराबानं चाखलं.

"पाणी."

मान्सानं फळांच्या आणखी तीन टोपल्या उकळत टाकल्या. शिजल्यावर त्या उखळात ओतल्या आणि मुसळ उचलून अराबाच्या हातात दिलं.

"मी? मला साठ लागलंय, मान्सा!"

"जिभेला नाही लागलं. हाताला कसं लागतं?"

अराबानं कांडलं. तळहातांना फोड आले, टोपी घसरली, कोबिना मोठ्यानं मोजत होता आणि मुद्दाम चुकत होता. आठला तिनं पुन्हा चाखलं, डोळे मिटले, आणि मान हलवली. मान्सा "हं" म्हणाली. त्या सकाळी तिच्या तोंडून निघालेला तेवढाच चांगला शब्द.

बाराला गर्दी लोटली. अराबा हात धुऊन येईपर्यंत रांग गल्लीबाहेर गेली होती. ती शेवटी उभी राहिली. पहाटेपासूनचं पोट भुकेनं खवळलं होतं. तिच्यापुढे चारच माणसं उरली तेव्हा मान्सानं पातेलं तिरपं केलं, आतून खरवडलं आणि ओरडली, "संपलं!"

"मान्सा!" अराबा किंचाळली. "पाच वाजल्यापासून मी इथेच आहे!"

"मग रांगेत लवकर उभं राहायचं," मान्सा म्हणाली, आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच तिचं पोट हलेपर्यंत हसली. "उद्या रविवार, बंद. सोमवारी पाचला ये. खेकडे येणारेत."

अराबानं तिला तिच्या आईपासून आजीपर्यंत सगळ्यांवरून शिव्या घातल्या, कोपऱ्यावर दोन केंके आणि एक तळलेला मासा घेतला, आणि फोड आलेल्या हातांनी तो खात खात घराकडे चालायला लागली. मासा शिळा होता. तिनं तोही सगळा खाल्ला.