नानांची दुसरी खुर्ची

नाना आपलं म्हणणं मांडून झालं की उठायचे, समोरच्या खुर्चीत जाऊन बसायचे आणि त्याच म्हणण्याला विरोध करायचे. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटायचं, म्हातारा चळला. त्यांच्या खोलीत एक वेताची खुर्ची होती आणि तिच्यासमोर एक लोखंडी. वेताच्या खुर्चीत ते मऊ आवाजात, हात पसरून एखादी योजना सांगत. लोखंडी खुर्चीत गेले की चष्मा कपाळावर चढवत आणि म्हणत, "हे सगळं ठीक आहे हो, पण मला पटत नाही." आत्ता बोलून गेला तो जणू कोणी दुसराच, आणि त्यांना फारसा न आवडणारा.

दिल्लीत एका पक्षाचं अभ्यासकेंद्र होतं. दक्षिणेकडच्या एका कॉलनीत भाड्याने घेतलेल्या बंगल्यात ते चालायचं. नाना त्याचे प्रमुख. आमचे हे पलटणीतून निवृत्त होऊन तिथे ड्रायव्हर म्हणून लागले, आणि आम्हाला बंगल्यामागची खोली राहायला मिळाली. केंद्रातल्या लोकांचा दुपारचा स्वयंपाक आणि चहा माझ्याकडे आला. हे लोक करतात तरी काय, ते मला पुष्कळ दिवस कळलं नव्हतं. दिवसभर वाचायचे, भांडायचे आणि टाइप करायचे. एकदा नानांनीच सांगितलं, "पक्षाच्या लोकांना घोषणा एका जेवणात सुचते, सुमनबाई. निवडून आल्यावर ती पाळायची कशी, हे शोधायला आपल्याला ठेवलंय."

मला ते पहिल्या दिवसापासून सुमनबाई आणि तुम्ही म्हणाले. सत्तरीला आलेला माणूस, मला लेकीसारखं अगंतुगं केलं असतं तरी चाललं असतं. मी लोकांसमोर जात नसे. चहाचा ट्रे दाराशी ठेवायचे आणि पडद्याआडून परत फिरायचे. बाकीचे म्हणत, "भाभी, अंदर आ जाइए ना." नानांनी कधी बोलावलं नाही. ते स्वतः उठून ट्रे घेत आणि पडद्याला म्हणत, "आभारी आहे."

हिवाळ्यात केंद्राची बैठक हिरवळीवर, उन्हात भरायची. जवळच मुनिरक्याला खोल्या घेऊन राहणारी विद्यापीठातली मुलंमुली नानांकडे काम करत. ती सकाळी उपाशीच यायची. मी मटारांची पाटी मध्ये ठेवून द्यायचे, आणि सोलता सोलता त्यांचं बोलणं चालायचं. नानांच्या पुढ्यात सालं ढीगभर आणि भांड्यात दाणे मूठभर. मी काही बोलायचे नाही. पण रेहाना म्हणून एक लखनौची मुलगी होती, ती बोलायची. "नाना, आपकी नीति में लीकेज बहुत है." नाना खाता खाता म्हणायचे, "लाभार्थी तक पहुँच रहा है ना, बेटा?"

केंद्राचा एक नियम नानांनी घातला होता. कोणतंही टिपण पक्षाकडे जाण्याआधी ते लिहिणाऱ्याने लोखंडी खुर्चीत बसायचं आणि स्वतःच्याच टिपणाची चिरफाड करायची. चिरफाड नीट झाली नाही तर टिपण परत. नवीन मुलं रडकुंडीला यायची. "आपल्या मुलाचे दोष आईबापालाच आधी दिसायला हवेत," असं नाना म्हणायचे, "नाहीतर ते शेजारी सांगतात, आणि तेही वाईट शब्दांत."

घरच्या गोष्टींतही त्यांचं हेच. आमच्या मुलीला पहाडगंजच्या मराठी शाळेत घालावं की जवळच्या हिंदी शाळेत, हे विचारायला आमचे हे त्यांच्याकडे गेले. तासाभराने परत आले आणि बूट काढत बसले.

"काय म्हणाले?"

"आधी म्हणाले, मराठीत घाला, घरचं बोलणं तुटू नये. मी बरं म्हटलं. तर उठले नि म्हणाले, एवढ्याशा पोरीला रोज दोन बस बदलायला लावता, बाप आहात का कोण?"

"मग?"

"मग काय. दोन्ही वेळेला मला पटलं."

मुलीला आम्ही हिंदी शाळेतच घातलं. नानांनी ते ऐकलं आणि दर शनिवारी तिला आपल्या खोलीत बसवून मराठी वाचायला शिकवू लागले.

पण त्यांचं स्वतःचं म्हणावं असं टिपण एकच होतं. बाकीची कामं पक्षाने सांगितलेली असत. हे त्यांनी आपणहून धरलं होतं. आमच्या बंगल्याला लागून मोठ्या इमारतींचं काम चाललं होतं. तिथे बुंदेलखंडातल्या बाया विटा वाहायच्या आणि त्यांची पोरं वाळूच्या ढिगावर पडलेली असायची. रांगत्या पोराच्या पायाला दोरी बांधून ती खांबाला अडकवलेली मी पाहिली आहे. आई काही निर्दय नव्हती. दोरी नसती तर पोर खड्ड्यात गेलं असतं. नानांची खोली त्या बाजूला होती. त्यांचं म्हणणं होतं की जिथे बांधकाम, तिथे पोरांसाठी एक खोली, दूध आणि सांभाळायला एक बाई, असा कायदा करू, हे वचन पक्षाने जाहीरनाम्यात द्यावं. तीन वर्षं ते त्यामागे होते. रेहानाला घेऊन किती बांधकामांवर उन्हात फिरले, ते गाडी चालवणाऱ्या ह्यांनाच ठाऊक.

निवडणूक जवळ आली तेव्हा पक्षाचे सरचिटणीस आणि आणखी दोघेतिघे टिपण ऐकायला केंद्रात आले. सकाळी रेहाना नानांना म्हणाली, "आज उधर मत बैठिए, नाना. आज सिर्फ़ बेंत की कुर्सी."

"एरवी तुम्हाला बसवतो," नाना मराठीतच बोलले, "आणि माझ्या वेळेला नको?"

मी पडद्याआड होते. वेताच्या खुर्चीत नाना फार चांगलं बोलले. त्या दोरीचं सांगितलं तेव्हा सरचिटणीसांनी मान हलवली. मग नाना उठले. लोखंडी खुर्चीत बसून त्यांनी चष्मा वर केला आणि सांगायला लागले. ठेकेदार खोली कागदावर दाखवील. खरी बांधलीच तर तिच्यात सिमेंट ठेवील. खोलीचा खर्च नको म्हणून लेकुरवाळ्या बाईला कामावरच घेणार नाही, म्हणजे जिच्यासाठी कायदा केला तिचीच चूल विझेल. तपासनीस येईल आणि चहा पिऊन जाईल. प्रत्येक वाक्य खरं होतं. त्यांनी काही राखून ठेवलं नाही.

बोलून झाल्यावर नाना थांबले. केंद्रात अशा वेळी सगळे एकदम तुटून पडत. हे असं टाळता येईल, ते तसं करता येईल, असं म्हणत संध्याकाळपर्यंत टिपण पुन्हा उभं करत. नाना त्याचीच वाट पाहत होते. सरचिटणीसांनी फाइल मिटली आणि हसून म्हणाले, "नानाजी, आपने हमारा काम आसान कर दिया. इतनी दिक़्क़तें हैं तो छोड़ देते हैं." मग त्यांनी भज्यांची तारीफ केली आणि ते गेले.

केंद्रात आक्षेप घेतला की काम सुरू व्हायचं. पक्षात आक्षेप घेतला की काम संपायचं. इतकी वर्षं दोन्हीकडे वावरलेल्या माणसाच्या हे ध्यानात आलं नव्हतं.

रेहाना त्यांच्याशी तीन दिवस बोलली नाही. नाना पहिल्या दिवशी जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन उभे राहिले. वाटलं, चहा मागतील.

"सुमनबाई, तुम्ही मुलं सांभाळाल का?"

"कुणाची?"

"पलीकडची. सिमेंट ठेवणार नाहीत अशी खोली कशी असते, ते आपण बघू या."

ह्यांना विचारून सांगते, असं मी म्हणाले. हे म्हणाले, "तुला माणसांची भीती वाटते. पोरांची थोडीच वाटते." शेजारच्या ठेकेदाराला नानांनी कसं वळवलं कोण जाणे. बहुतेक त्याच्या बाजूनेच बोलले असतील. त्याने पत्र्याची एक खोली दिली. केंद्रातला स्वयंपाक मी सकाळी लवकर उरकायला लागले आणि दिवसभर तिथे बसायला लागले. पोरं आधी रडली, मग माझ्या अंगाखांद्यावर खेळायला लागली. त्यांच्या आया माझ्यासारख्याच कमी बोलायच्या, त्यामुळे आमचं छान जमलं.

नाना रोज येऊन आपलाच एकेक आक्षेप तपासायचे. चहावर निभावणाऱ्या तपासनिसापेक्षा पोरांच्या आयांनीच खोली चालू असल्याची महिन्याला सही का करू नये. खर्च एकट्या ठेकेदारावर न टाकता इमारतीच्या परवान्याच्या शुल्कातच का धरू नये, म्हणजे बाई लेकुरवाळी असो नसो, त्याला सारखंच पडेल. रेहाना लिहून घ्यायची. तिचा राग केव्हाच गेला होता.

ती निवडणूक पक्ष हरला. पुढची लवकरच आली, आणि सरचिटणीस पुन्हा ऐकायला आले. नाना पुन्हा दुसऱ्या खुर्चीत बसले. कोणी त्यांना अडवलं नाही. त्यांनी तेच जुने आक्षेप घेतले आणि मग म्हणाले, "उत्तर बगल में है. चलिए."

मी खोलीत होते. दुपारची वेळ, सगळी पोरं झोपलेली. पांढऱ्या कपड्यांतली माणसं दारात आली तेव्हा मला कुठे जाऊ असं झालं. पण मांडीवर एक तान्हं होतं, उठता येईना. सरचिटणीसांनी भाषणाच्या आवाजात विचारलं, "कितने बच्चे हैं?" मी तोंडावर बोट ठेवलं. विचार करून नाही, आपोआपच. ते एकदम खाली बसले आणि कुजबुजत म्हणाले, "सॉरी." मग नाना कुजबुजले, बाकीचे कुजबुजले. पक्षाचं एवढं मोठं बोलणं तिथे पत्र्याखाली, कानाशी तोंड नेऊन झालं. बाहेर पडताना सरचिटणीस चपला हातात घेऊन गेले.

जाहीरनाम्यात दोन ओळी आल्या. नानांनी पंधरा पानं दिली होती. रेहाना म्हणाली, "बस, दो लाइन?" नाना म्हणाले, "दोन ओळी पाळता येतात. पंधरा पानं कोण पाळतंय?"

पक्ष पुन्हा हरला. जिंकलेल्यांनी वर्षभराने त्याच दोन ओळी आपल्या म्हणून जाहीर केल्या. केंद्रातली मुलं चिडली, पत्रक काढायचं म्हणाली. नानांनी ह्यांना जिलबी आणायला पाठवलं. स्वतः दोनदा घेतली, मधुमेह असून.

दोनदा हरलेल्या पक्षाला अभ्यासकेंद्र परवडेना. बंगला सोडावा लागला. नाना लेकाकडे नाशिकला गेले. स्टेशनवर त्यांनी रेहानाच्या डोक्यावर हात ठेवला आणि मला नमस्कार केला, अगदी दोन्ही हात जोडून. मी वाकले, तोवर गाडी हलली.

ह्यांना दुसरीकडे नोकरी लागली आणि आम्ही गाझियाबादला खोली घेतली. तिथल्या एका बांधकामावर, नव्या नियमाने, पोरांची खोली होती. ती सांभाळायचं काम मला मिळालं. दोनच महिन्यांत मुकादम म्हणाला, "खोली खाली करो, प्लंबिंग का सामान आया है." मी रात्रभर तळमळले. सकाळी दारात उभी राहिले आणि त्याला म्हणाले, "सामान बाहर भी सो सकता है." एवढंच बोलले. तो पाइप घेऊन गेला.

हे नानांना सांगायचंच होतं. एसटीडी बूथवर जाऊन नाशिकचा नंबर लावला. नानांचा आवाज बारीक झाला होता, पण त्यांना ऐकू चांगलं यायचं. सगळं सांगितलं. वाटलं, शाबास म्हणतील.

"अहो, पण त्या मुकादमाचं काय चुकलं?" नाना म्हणाले. "सामान चोरीला गेलं तर त्याच्याच पगारातून कापणार ना?"

"नाना, तो त्याचा प्रश्न."

"असं कसं? मला नाही पटत."

"मग त्याला ताडपत्री आणि राखणदार मागू दे मालकाकडे. पोरांच्या डोक्यावरचं छप्पर कशाला?"

"आणि मालकाने नाही दिला राखणदार?"

बूथवाला काचेवर टकटक करायला लागला. बाहेर माणसं ताटकळत होती आणि माझ्याकडेच बघत होती. मी त्यांच्याकडे पाठ केली.

"का नाही देणार?" मी म्हणाले. "तुम्ही आधी माझं ऐकून घ्या."

"बोला," नाना म्हणाले, आणि खुर्ची पुढे ओढल्याचा आवाज आला. "बोला, सुमनबाई, मी ऐकतोय."