तेहतीस अनारसे आणि एक बेट

मी एकदा माझ्या नवऱ्याला अफूच्या गुन्ह्यात अडकवण्याची चोख व्यवस्था केली होती, आणि तीही अधिक महिन्याचं पुण्य मिळावं म्हणून!

आता मी आजी झालेय. त्यामुळे तेव्हाच्या त्या पंचेचाळिशीतल्या, केस सरळ करून घेतलेल्या, गॉगल डोक्यावर चढवून फिरणाऱ्या मालतीबाईंना चार शब्द सुनावायचा मला पूर्ण अधिकार आहे. बाई हुशार आहे, असा तिचा स्वतःचा समज होता. कुवेतला नवीन आलेल्या प्रत्येक मराठी मुलीला ती पहिल्या चहालाच दम द्यायची, "भारतातून काय वाट्टेल ते आण, पण खसखस आणू नकोस! इथे ती अफूच्या घरातली धरतात. तुरुंग होतो, तुरुंग!" बिचाऱ्या पोरी घरी जाऊन मसाल्याच्या पुड्या चाळत बसायच्या. आणि याच बाईने नाशिकला फोन करून स्वतःच्या तोंडाने सांगितलं, "माई, अनारशांना खसखस मागच्यासारखी हात आखडून लावू नका हं!"

माई म्हणजे माझ्या बालमैत्रिणीची, सुलभाची आई. माझी आई गेल्यावर माईंनी मला लेक मानलं, आणि ओघानेच आमचे हे त्यांचे जावई झाले. दर तीन वर्षांनी अधिक महिना आला की जावयाला तेहतीस अनारशांचं वाण द्यायचं, हा माईंचा नेम. त्या वर्षी अधिक आला ऐन उन्हाळ्यात. कुवेतमध्ये बाहेर पडलं की कुणीतरी तोंडासमोर भट्टीचं दार उघडतंय असं वाटायचं. तेव्हा आम्ही ठरवलं, शुक्रवार-शनिवारच्या साप्ताहिक सुट्टीत श्रीलंकेला जायचं. कुवेतहून मी, हे आणि तिथल्या शर्क भागातल्या एका ऑफिसात हिशेब तपासणारी माझी मैत्रीण चित्रा. (तिच्या नवऱ्याला सुट्टी मिळाली नाही. त्याने मागितली होती असंही कुणी म्हणत नाही.) नाशिकहून सुलभा यायची होती. समुद्र, नारळ, मैत्रिणी आणि वर माईंचे अनारसे! माझ्या नियोजनकौशल्यावर मी स्वतःच खूश होते.

बेटावर पोचलो आणि पहिला तासभर खरंच स्वर्ग होता. हॉटेलच्या अंगणातून दोन ढांगांवर समुद्र. नारळाची झाडं इतकी वाकलेली, की हात लांब केला तर शहाळं हातात यावं. सुलभाने पिशवीतून स्टीलचा डबा काढला, त्याला नमस्कार केला आणि यांच्यापुढे धरला.

"जावईबापू, आईने सांगितलंय, सगळे तुम्हीच खायचे. फार तर बायकोला द्या. टाकायचे नाहीत, आणि परत तर मुळीच पाठवायचे नाहीत."

"माईंचा शब्द!" म्हणत यांनी पहिला अनारसा तोंडात टाकलासुद्धा. मी घाईघाईने डबा माझ्या कापडी पिशवीत घातला. (मुंग्या!) झाकण नीट बसलं नव्हतं. डबा आत कलंडला, आणि पिशवीभर पांढरे बारीक दाणे सांडले.

चित्रा वाकून पिशवीत बघत होती. तिचा हिशेब तपासतानाचा चेहरा झाला.

"माले, हे काय आहे गं?"

"अनारसे. घे ना."

"ते कळलं. त्यांच्यावर काय आहे?"

मी पिशवीत बोट घालून चार दाणे वर काढले.

"खसखस," मी पुटपुटले.

"आणि उद्या रात्री आपण कुठे उतरणार आहोत?"

"कुवेत."

"आणि ही पिशवी?"

सुलभा म्हणाली, "अगं पण खसखसच आहे ना? आम्ही शिऱ्यात घालतो!"

"सुलभाताई, तुम्ही शिऱ्यात घाला, नाहीतर मुखवासात घाला," चित्रा म्हणाली. "आमच्याकडे हिच्यापायी माणूस आत जातो. इकामा, म्हणजे तिथे राहायचा परवाना, रद्द होतो. भाऊजींची नोकरी, घर, गाडी, पोराची शाळा, सगळं एका अनारशावर!"

खोटं नव्हतं ते. हे मीना अल-अहमदीच्या रिफायनरीत इंजिनिअर. कंपनी आहे तर व्हिसा आहे, व्हिसा आहे तर आम्ही आहोत. आमचा मुलगा तेव्हा बारावीत होता. नारळाच्या सावलीत उभी राहून मी मनातल्या मनात घरातलं सामान आवरायला घेतलं. फ्रीज कुणाला विकायचा, इथपर्यंत पोचले.

"फेकून देऊ समुद्रात," मी म्हटलं.

"अधिकाचं वाण?" सुलभाने कानांवर हात ठेवले. "मालू, तुला पाप लागेल ते लागेल, मला आईसमोर उभं राहायचंय!"

"मग तूच परत घेऊन जा."

"दारात डबा उघडून बघेल ती. ऐंशी वर्षांची बाई आहे. जावयाने वाण परत केलं म्हणून अंथरूण धरेल."

"हॉटेलच्या मुलांना वाटू," हे म्हणाले.

"आणि इथे काय कायदा आहे, ते ठाऊक आहे तुम्हाला?" चित्राने डोळे वटारले. "उगाच दुसऱ्यांची पोरं कशाला अडकवता?"

माईंना फोन करून सांगावं, तर काय सांगणार? की माई, तुम्ही जावयाला अफू पाठवलीत? त्यांचं ब्लडप्रेशर नाशिकभर गाजलेलं. तेव्हा एकमताने ठरलं, की माईंना अवाक्षर कळू द्यायचं नाही आणि पुरावा इथेच संपवायचा. म्हणजे खायचा. सगळा.

(माझी नात ही गोष्ट ऐकते तेव्हा इथे थांबवून विचारते, "आजी, वेअर यू अ स्मगलर?" मी म्हणते, "नाही गं राणी, स्मगलर लोक माल विकतात. आम्ही तो चावत होतो.")

लोक बेटावर जाऊन पोहतात, उन्हात लोळतात, हत्ती बघतात. आम्ही चौघं समुद्राकडे पाठ करून खोलीत गोल बसलो होतो, दार आतून लावून, पंखा बंद करून. (दाणे उडतील!) अनारसा हा मुळात जपून, कौतुकाने, चहाबरोबर एखादा खायचा पदार्थ. जाळीदार, तुपाळ, गुळाचा. आमच्याकडे मात्र कारखाना चालला होता. पहिले काही अनारसे हे खुशीत होते. "माईंच्या हाताला तोड नाही हं!" मग घाम पुसायला लागले. मग त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की आमच्या लग्नाला हरकत घेणारे त्यांचे काका मला दूरदर्शी वाटायला लागले.

"अहो, एकच. अर्धा तरी."

"मालती, मी आयुष्यात तुझ्यासाठी पुष्कळ केलं."

"वाण आहे हो ते!"

"मग देवालाच घाल."

संध्याकाळी हॉटेलवाल्याने मोठ्या प्रेमाने माशाची आमटी, नारळाची चटणी, गरम भात असं मांडलं. आम्ही चौघंही ताटाकडे बघून फिकट हसलो आणि लिंबूपाणी मागितलं. तो बिचारा विचारत राहिला, "नो गुड? नो गुड?" त्याला कसं सांगणार, की बाबा, आम्ही गुन्हा पचवतोय!

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत डबा रिकामा झाला. शेवटचा अनारसा मी स्वतः, डोळे मिटून, औषधासारखा गिळला. पण चित्राचं समाधान झालं नव्हतं. "डबा सुलभाताई नेतील. पण तुझी पिशवी? शिवणीत एक दाणा राहिला तरी संपलं."

झालं! मी समोरच्या दुकानातून कपडे धुण्याच्या पावडरीचा पुडा आणला, अख्खा पिशवीत ओतला आणि न्हाणीघरात बसून ती पिशवी बडव-बडव बडवली. सुलभा बाहेरून ओरडत होती, "अगं, एकदा तरी समुद्र बघ! मी नाशिकहून आलेय!" मी आतून ओरडले, "तू बघ आणि मला सांग!"

पिशवी गॅलरीत वाळवली आणि विमानात बसलो. नवी घेऊन ही तिथेच टाकून द्यावी, हा विचार कुणाच्याही डोक्यात आला नाही. पिशवी चांगली होती ना!

कुवेतला उतरलो. सामान तपासायच्या यंत्राकडे जाताना मी इतकी निरागस दिसायचा प्रयत्न केला, की तिथल्या अधिकाऱ्याने लांबूनच मला हेरलं. त्याने पिशवी उघडायला सांगितली. आत हात घातला, अस्तर उलटं केलं. शिवणींमधून भुरभुर भुरभुर पांढरी पूड खाली पडली.

"शिनू हाधा?" त्याने विचारलं. म्हणजे, हे काय?

चित्राने एक पाऊल मागे घेतलं आणि ती भिंतीवरची जाहिरात वाचायला लागली. (मैत्रीण!) हे पुढे झाले खरे, पण नुसतेच पासपोर्ट दाखवायला लागले. मीच कशीबशी म्हणाले, "सोप. साबुन. वॉशिंग. व्हेरी क्लीन बॅग."

"व्हाय?"

दोन दिवस बेटावर गेलेली बाई समुद्रात न उतरता एक पिशवी धुऊन परत येते, यावर कुठला सरकारी माणूस विश्वास ठेवील? त्याने आणखी एकाला बोलावलं. दुसऱ्याने ती पूड हुंगली, तळहातावर घेतली, बाटलीतलं पाणी सोडलं आणि चोळली. फेस आला. चांगला भरघोस, लिंबाच्या वासाचा फेस. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. पहिला अगदी हळुवार आवाजात यांना म्हणाला, "सर, टेक मॅडम होम. रेस्ट."

गाडीत बसल्यावर मी रडले आणि हसले. हेही हसले. "सुटलो बुवा!" म्हणाले. मागे चित्रा फोनमध्ये काहीतरी वाचत होती. तिचा पुन्हा तोच चेहरा झाला.

"भाऊजी, इथे लिहिलंय, खसखस जास्त खाल्ली तर लघवीच्या तपासणीत अफू दिसते."



"उद्या माझी कंपनीची मेडिकल आहे," हे म्हणाले.

"मग?"

"त्यात तीच तपासणी असते."

पुरावा आम्ही नष्ट केला नव्हता, तर रिफायनरीच्या डॉक्टरकडे पोचवायची सोय केली होती! घरी पोचताच मी युद्धपातळीवर कामाला लागले. बार्लीचं पाणी, ताक, शहाळी, कलिंगड. एक संपलं की दुसरं.

"मालती, मी फुटेन."

"फुटा, पण स्वच्छ फुटा!"

सकाळी हे मेडिकलला गेले तेव्हा चालताना त्यांच्या पोटातून समुद्राचा आवाज येत होता. (मला ऐकायला मिळाला तो समुद्र एवढाच.) पुढचे दिवस कसे गेले ते मलाच ठाऊक. दाराची घंटा वाजली की मला पोलीस दिसायचे. पाण्याच्या बाटल्या घेऊन आलेल्या माणसाला मी दाराआडूनच सांगितलं, की साहेब घरात नाहीत आणि मला काही माहीत नाही. मुलाला जवळ घेऊन म्हटलं, "बाळा, बारावी नाशिकलाही होते हं." त्याने कानातली वायर काढली, "मॉम, व्हॉट?" म्हणाला आणि परत घातली.

आणि एके दुपारी यांचा ऑफिसातून फोन आला. आवाज विचित्र.

"रिपोर्ट आला. काहीही नाही. एकदम स्वच्छ."

मी देवासमोर बसकणच मारली. अधिक महिन्याचं पुण्य म्हणतात ते हेच! एवढे अनारसे पोटात रिचवून माणूस कोरा करकरीत बाहेर येतो, हा चमत्कार नाही तर काय? माझं ऊर इतकं भरून आलं, की न सांगण्याची शपथ मोडून मी नाशिकला फोन लावला आणि माईंना सगळं सांगून टाकलं. बेट, बंद खोली, पिशवी, फेस, बार्ली, मेडिकल, चमत्कार, सगळं. शेवटी म्हटलं, "माई, तुमच्या वाणाची पुण्याई, म्हणून यांची नोकरी वाचली!"

मग माई म्हणाल्या,

"अगं भवाने, जावयाला वाण देते मी, तुरुंग नाही! तुझा तो खसखशीचा दम मीही ऐकलाय, म्हणून तो बारीक रवा होता. आणि इतके अनारसे गिळून जिच्या जिभेला रवा आणि खसखस कळत नाही, तिला पुढच्या अधिकात मी पाव पाठवणार आहे."