दादाने बंद केलेली गोळी

दादाला घरात सगळे ‘सर्वज्ञ’ म्हणत. ते कौतुकाने म्हणतात असं वाटणारा घरात तो एकटाच.

त्याची नोकरी संशोधन संस्थेत. लाखो लोकांच्या जनुकांची माहिती संगणकावर चाळायची आणि जुन्या औषधांना नवे आजार शोधून द्यायचे. एखादं जनुक जन्मतःच मंद असलेल्यांना अमुक आजार कमी होतो असं दिसलं, की ते जनुक मंद करणारं औषध त्या आजारावर चालेल, इतका सरळ हिशेब. पण सांगायचा असा, की जनुकं जणू यानेच घडवली. रोग्याचं तोंड मात्र त्याने जन्मात पाहिलं नव्हतं.

पाहिलं ते धाकट्या बहिणीचं. ती कपडे शिवायची, त्यावरच तिचं घर चालायचं, आणि तिच्या उजव्या हाताला कंप सुटला होता. रक्तदाबाची एक गोळी ती कित्येक वर्षं घेत होती. एका दुपारी दादाने तिच्या कापलेल्या कापडावरच चहाचा कप टेकवला आणि म्हणाला, “ती गोळी बंद कर. तिच्यामुळेच कंप वाढतोय. आमच्या आकड्यांत आलंय.”

“डॉक्टरांना विचारते.”

“त्यांना काय कळतंय त्यातलं? दुसरी लिहून घे.”

उचलली जीभ, लावली टाळ्याला. तिने ऐकलं, थोरला भाऊ ना.

आधी सुईत दोरा ओवता येईना, मग कात्री सरळ चालेना. गिऱ्हाइकं एकेक करून दुसरीकडे गेली.

तिकडे संस्थेत एका सहकारी बाईंनी घोळ पकडला. ती गोळी ज्या जनुकाला मंद करते, त्याचे दोन प्रकार. त्यातला कुठला मोजायचा ते आधी ठरवावं लागतं. सर्वज्ञांनी भलताच मोजला होता, म्हणून निष्कर्ष अख्खा उलटा. गोळी कंप वाढवत नव्हती, आवरून धरत होती.

दुसरा असता तर लाजेने तोंड लपवलं असतं. हा पडला तरी नाक वर. हसतच बहिणीकडे आला. “जुन्या गोळीचा नवा उपयोग सापडलाय. तीच परत सुरू कर.”

“हात पहिल्यासारखा होईल?”

“गेलं ते येत नाही गं. पुढचं टळेल. पण तुझा फार उपयोग झाला. गोळी बंद केली आणि कंप वाढला, म्हणजे पुरावाच की. परवाच्या भाषणात तुझं उदाहरण देतोय, नाव न घेता.”

तिने थरथरता हात मांडीखाली दाबून धरला. “गोळी बंद कुणी केली, ते सांगशील?”

“त्याची तिथे गरज नसते,” दादा म्हणाला.