झाकण बंद असताना दिसलेला पंजा

भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांची मी आजवर यथेच्छ टिंगल केली आहे. मी इलेक्ट्रॉनिक्सवाली बाई... सिग्नल आला म्हणजे कुठूनतरी आलाच, एवढंच मला कळतं. म्हणून तर लिहितेय. हा सिग्नल कुठून आला, सांगा कुणीतरी.

नंदुरबारला मिरची वाळत घालायच्या पथारीला लागून आमचं घर, वरच्या खोलीत माझं वर्कशॉप. दुर्बिणीच्या इन्फ्रारेड कॅमेऱ्याचा कंट्रोलर बोर्ड मी बनवत होते. कॅमेऱ्यातली चिप उष्णता पाहते. माझा बोर्ड तिचा एकेक पिक्सेल वाचतो आणि रीसेट देऊन पुसून टाकतो. चिप भयंकर थंड ठेवावी लागते. त्यासाठी लिक्विड नायट्रोजन आणायचे ते गुरांना कृत्रिम रेतन करणाऱ्या काकांकडून, बैलाचं वीर्य गोठवून ठेवायच्या डब्यातून! वडील — आबा — हसून लोटपोट व्हायचे. "बैलना डबामा तारा देखी ऱ्हायनी का व माय?"

त्या दुपारी शेवटची टेस्ट होती. कॅमेऱ्याचं झाकण बंद, आत काळोख, म्हणजे चित्र कोरंच यायला हवं. दुसऱ्या दिवशी बोर्ड पुण्याला, दुर्बिणीचं काम बघणाऱ्या सरांकडे न्यायचा होता. आदल्या टेस्टला आबांनी दार ठोठावलं, त्या हादऱ्यानं सगळी रीडिंग वाया गेली आणि मी त्यांच्यावर खेकसले होते. सकाळी ते म्हणाले, "छातीमा जळी ऱ्हायनं."

"मिरचीनं शे ते, पानी पी ल्या. अन् आज दार वाजाडं ना, तं देखा मंग!"

"नही व माय. हात बी लावस नही."

तीनच्या सुमारास पहिलं चित्र आलं. मधोमध पांढरट डाग. दुसऱ्यात तो पंजा झाला... करंगळी अर्धी. आबांची करंगळी मिरची कांडपात अर्धी गेलेली. ते लक्षात आलं नाही असं खोटं सांगणार नाही. आलं. पण म्हटलं, बोर्डाचीच खोड आहे, आता नाटकं नकोत! रीसेट दिला. पुन्हा पंजा, जरा फिका. पुन्हा रीसेट. सातव्या चित्रात काही नव्हतं. मी टाळी वाजवली हो... देवाशप्पथ, टाळी वाजवली.

आबांना सांगायला दार उघडलं. ते वरच्या पायरीवर भिंतीला टेकून बसले होते. उजवा हात उंबऱ्यावर, दारापासून बोटभर लांब. अंग अजून कोमट होतं. डॉक्टर म्हणाले, अर्धा तास आधी आणलं असतं तर...

पुण्याचे सर म्हणतात, चिपला आधी दिसलेलं काही वेळ तिच्यात रेंगाळतं. मलाही ठाऊक आहे ते. पण कॅमेऱ्याचा डबा सील झाल्यापासून तिनं कुणाचाच हात पाहिला नव्हता. बंद झाकणातून, बंद दारातून काय दिसणार? चित्रं जपून ठेवलीत, कुणालाही दाखवेन.

तेराव्यानंतर मी दार सताड उघडं टाकून तीच टेस्ट लावली. "आबा, वाजाडा ना दार," असं मोठमोठ्यानं म्हणत बसले. सातही चित्रं कोरी आली.

बोर्ड पास झाला.