म्हशीच्या गेमला दोन स्टार

मंगळवार पेठेत माझं पार्लर आहे. पार्लर म्हणजे घराचीच पुढची खोली, दोन खुर्च्या आणि एक मोठा आरसा. केसांना रंग लावला की तो मुरेपर्यंत अर्धा तास काही करता येत नाही. गिऱ्हाईक तिच्या मोबाइलमध्ये आणि मी माझ्या. बाकीच्या बायका त्या वेळात रेसिपी बघतात, मी गेम खेळते. खेळून झालं की गेमखाली माझं मत लिहिते, मराठीत, सविस्तर, स्टार देऊन. कुणी विचारलेलं नसतं. पण न विचारता इतकी माणसं माझ्या वजनाबद्दल बोलतात, मग मी गेमबद्दल का बोलू नये?

गेम या प्रकाराविषयी माझं मत वाईट नाही. गेमनं पोरं बिघडतात म्हणणाऱ्या बायका माझ्याच खुर्चीत बसून तास तासभर सासूबद्दल बोलतात, त्यानं कोण सुधारतं ते मला अजून कळलेलं नाही. गेमचा मोठा गुण असा की तुम्ही हरलात हे तो तोंडावर सांगतो आणि लगेच पुन्हा खेळायला देतो. आमच्या गल्लीत यातलं एकही होत नाही. इथं तुम्ही हरलात हे तुम्हाला सोडून सगळ्यांना सांगतात आणि पुढं जन्मभर विसरत नाहीत. शिवाय गेम वय विचारत नाही. घाटात बस चालवायचा एक गेम आहे, त्यात मी कितीतरी वेळा बससकट दरीत गेले, पण 'बाई चालवायलीय, म्हणून' असं कुणी म्हणालं नाही. त्याला मी चार स्टार दिले. एक कापला, कारण अख्ख्या घाटात धुकं नव्हतं. गेम करणाऱ्यानं एकदा पावसाळ्यात गगनबावड्याला जाऊन यावं, असंही खाली लिहिलं.

दोषही आहेत. मिठाया जुळवायच्या एका गेममध्ये तीन लाडू ओळीत आले की फटाके फुटतात आणि 'अप्रतिम' अशी पाटी येते. तीन लाडवांना अप्रतिम म्हणायचं, तर खरंच काही बरं जमलं की काय म्हणणार? एक स्टार. स्वयंपाकाच्या गेममध्ये कांदा करपत नाही. पार्लरचाही एक गेम आहे, त्यातली मुलगी चेहरा साफ होईपर्यंत सगळा वेळ गप्प बसते. गप्प बसलेलं गिऱ्हाईक मी इतक्या वर्षांत पाहिलेलं नाही. तिथं मी लिहिलं की गेम काढण्याआधी माझ्याकडं येऊन चार दिवस बसा. उत्तर आलं की आपला अभिप्राय आमच्यासाठी मौल्यवान आहे. लाडूवाल्यांनीही अगदी तेच उत्तर दिलं होतं, त्यामुळं मी हुरळून गेले नाही.

हे सगळं चाललं होतं तोवर घरात कुणाला अडचण नव्हती. अडचण झाली ती मुलाचा गेम आल्यावर.

मुलगा पुण्यात कॉम्प्युटरच्या नोकरीत होता. ती सोडून तो घरी आला आणि वरच्या खोलीत बसून वर्षभर स्वतःचा गेम करत राहिला. त्याच्या वडिलांना हे पटलं नव्हतं. शेवटी दोघांत ठरलं ते असं, की दिवाळीपर्यंत मुदत. लोकांना गेम आवडला तर त्यानं घरीच राहून हे काम करायचं, नाही तर मुकाट्यानं पुण्याला परत नोकरीवर जायचं. आवडला की नाही ते लोकांच्या स्टारांवरून ठरणार होतं.

गेम म्हशीचा होता. दिवाळीच्या पाडव्याला आमच्याकडं म्हशी पळवतात. शिंगं रंगवलेली, गळ्यात कवड्यांच्या माळा, पायात घुंगरू, मालक मोटरसायकलवर पुढं आणि म्हैस त्याच्या मागं धावत. माझं माहेर गवळ्याचं. माझा थोरला भाऊ अजून दरवर्षी म्हैस पळवतो आणि मुलानं गेममधला गवळी हुबेहूब मामावरनं काढला होता, मिशीसकट. आपण बोटानं मोटरसायकल चालवायची, खड्डे चुकवायचे, झेंडूच्या माळा गोळा करायच्या, आणि म्हैस मागनं येते.

मुलानं नातेवाइकांच्या ग्रुपवर गेम टाकला आणि तासाभरात पाच-पाच स्टार पडायला लागले. 'पुढील वाटचालीस हार्दिक शुभेच्छा' असं चुलत दिरांनी लिहिलं. नणंदेनं 'देव तुझं भलं करो' लिहून खाली केकची चित्रं टाकली. यांतल्या कुणीही गेम उघडला नव्हता, नणंदेच्या फोनवर तर तो उघडतही नाही. एक स्टार दिला तो फक्त माझ्या भावानं. मुलगा पांढराफटक पडला. मी भावाला फोन लावला तर तो म्हणाला, "अगं, एक नंबर हाय की गेम. म्हणून एक दाबला." त्याच्याकडून पाच करून घेताना आमची पाऊण दुपार गेली.

राहिले मी. खेळल्याशिवाय मी देत नाही, असं मी सांगितलं. आठवडाभर खेळले, अगदी शेवटपर्यंत खेळले आणि मग दोन दिले.

कारणंही लिहिली. फाटक्या सायलेन्सरच्या आवाजात मिसळलेली घुंगरं ऐकून मी माहेरच्या दारात उभी आहे असं वाटलं, त्याचा एक स्टार. शिंगांचा रंग आणि पाठीवरचे केस भादरून काढलेली नक्षी अगदी खरी, त्याचा दुसरा. पुढं लिहिलं, की बोट दाबलं की ही म्हैस निघते, दाबलं की वळते आणि रिक्षा आडवी आली तर वरनं उडी मारते. अशी म्हैस कुठं मिळत असेल तर पत्ता कळवावा, माझा भाऊ दोन घेईल. म्हैस गाडीच्या मागं जात नाही, माणसाच्या मागं जाते, आणि तेही तिच्या मनात असेल तर. या म्हशीला मनच नाही, त्यामुळं थोड्या वेळानं कंटाळा येतो.

संध्याकाळी मुलगा जिना उतरून खाली आला. "बाकीच्यांनी न खेळता पाच दिले आणि तू खेळून दोन?"

"खेळले म्हणून दोन," मी म्हणाले. "न खेळता मलाही पाच देता आले असते."

त्यानंतर त्यानं माझ्याशी बोलणं बंद केलं. जेवताना तो वडिलांना सांगायचा की आईला सांगा, आमटी वाढ. मी नवऱ्याला सांगायची की त्याला सांगा, आमटी त्याच्याच हाताशी आहे. बिचाऱ्या नवऱ्याचं जेवण गार व्हायचं. एकदा वैतागून तो म्हणाला, "घरातल्या माणसानं घरातल्यागत लिवावं की. नावं ठेवायला बाहेरची हाईतच." मुलाची पुण्याला रवानगी व्हावी असं ज्याला वाटत होतं तोच आता माझ्याकडं त्याची वकिली करत होता. मी म्हणाले, माझ्याकडं एक नवरी आली होती, तिला केस सोनेरी हवे होते. तिच्या आईपासून करवलीपर्यंत सगळ्यांनी छान दिसेल म्हणून सांगितलं. मी नको म्हणाले म्हणून ती दुसरीकडं गेली आणि हळदीच्या आदल्या दिवशी डोक्याला ओढणी गुंडाळून माझ्याकडंच आली. नवरा म्हणाला की पोरगा म्हणजे नवरी नव्हे. मी त्याची गार झालेली आमटी गरम करायला नेली.

मला वाईट वाटत नव्हतं असं मात्र कुणी समजू नये. ओळखीपाळखीची माणसं संपली होती, बाहेरची माणसं गेम उघडून जरा वेळानं सोडून देत होती, आणि ते त्याला रोज वर बसून दिसत होतं. तो गेला तर ती खोली रिकामी होणार होती. एकदा मी ते पान उघडून पाचव्या स्टारवर अंगठा नेलासुद्धा. पण सगळ्यांनी आमचा पोरगा किती गुणी आहे तेच लिहिलं होतं. गेम कसा आहे हे कुणीच लिहिलं नव्हतं, आणि मीही तेच केलं असतं तर त्याला ते कुणाकडून कळणार होतं? मी फोन उलटा ठेवला.

पाडव्याला आम्ही भावाची म्हैस बघायला गेलो. मुलगा माझ्यापासून चार माणसं सोडून उभा होता. भावाची गाडी धडधडत आली, मागनं म्हैस आली आणि ऐन कोपऱ्यावर, सगळ्या गर्दीसमोर, थांबली. पोरांनी शिट्ट्या मारल्या. कुणीतरी दावं ओढायला सांगितलं, तर भाऊ म्हणाला, "वडूनच न्यायची आसती तर टेम्पोतनं आणली आसती." त्यानं गाडी बंद केली, खाली उतरला आणि म्हशीकडं पाठ करून तंबाखू मळत उभा राहिला. तिनं सगळीकडं बघून घेतलं. मग सावकाश चालत आली आणि ओलं नाक त्याच्या पाठीला लावलं. मुलाच्या हातात फोन होता, पण फोटो काढायचं विसरून तो नुसता बघत होता.

दिवाळी झाली, बाहेरच्या माणसांचे स्टार काही पडले नाहीत आणि ठरल्याप्रमाणे तो पुण्याला नोकरीवर गेला. जाताना पाया पडला, तेवढंच. बस सुटल्यावर मी स्टँडवरच रडले.

पुढं काही आठवड्यांनी मी एका बाईंच्या केसांना रंग लावून बसले होते, तेव्हा फोननं कळवलं की म्हशीचा गेम नवा झालाय. मी लगेच उघडला. कोपऱ्यापर्यंत सगळं पहिल्यासारखंच होतं आणि कोपऱ्यावर म्हैस थांबली. मी बोट दाबलं, जोरात दाबलं, गाडी नुसती गुरगुरली. शेवटी मी ओरडले, "चल की गं बया, रस्त्यात काय थांबलीयास!" खुर्चीतल्या बाईंनी दचकून विचारलं, "मला म्हणताय?"

गेम तसाच ठेवून मी मुलाला स्पीकरवर फोन लावला. तो ऑफिसमध्ये होता, हळू आवाजात बोलत होता. मी सांगितलं की म्हैस थांबली, गेम बिघडलाय तुझा.

"बिघडला न्हाय. बोट उचल."

"बोट उचललं तर गाडी बंद पडते."

"पडू दे. तू जरा गप उभी राहा. तिला वाटलं की येईल."

मी बोट उचललं. गाडी बंद पडली. मिशीवाला खाली उतरला, पाठ करून उभा राहिला आणि त्यानं तंबाखूची पुडी काढली. म्हशीनं इकडं बघितलं, तिकडं बघितलं. मग ती आली. मला हसूही आलं आणि डोळ्यांना पाणीही आलं, ते मी रंग लागलेल्या हातानं पुसलं.

"किती?" त्यानं विचारलं.

मी आकडा बोलणार, एवढ्यात तो म्हणाला, "आई, जपून सांग. बाकीच्यांच्या पाचांवर माझा भरवसा न्हाय. तू चार म्हणालीस तर मी उद्या राजीनामा देतो."

तोंडात आलेला आकडा मी गिळला. इतक्या गेमना मी स्टार दिले, कापले, पण कधी कुणाचं काही अडलं नव्हतं. आता पोराची नोकरी अडली होती.

"फोन ठेव," मी म्हणाले. "आणखी एकदा खेळून सांगते."

पहिल्यापासून खेळले. म्हैस या वेळी कोपऱ्यावर थांबलीच नाही, पुलावर थांबली, आणि मी बराच वेळ ताटकळत बसूनही आली नाही. हरले. तरी कंटाळा आला नाही, पुन्हा खेळले. मग त्याला फोन केला. "चार," मी म्हणाले, "आणि तुझ्या बाबांना मी सांगते." फोन ठेवून मी तडक आत नवऱ्याकडं गेले. बाहेर खुर्चीतल्या बाई मला हाका मारत होत्या, त्यांचा रंग धुवायची वेळ केव्हाच टळून गेली होती.